नागपूर मुक्काम आणि भोवतालची जंगलं: गेट, अंतर आणि दिवसांची मांडणी

(ही चर्चा आहे; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कन्हान

दर हंगामात तोच प्रश्न येतो: नागपुरात हॉटेल घेतलं आणि रोज एक जंगल केलं तर जमेल का? नकाशावर जमतं. उत्तरेला पेंच, आग्नेयेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला, दक्षिणेला ताडोबा, नैर्ऋत्येला बोर, पूर्वेला नागझिरा-नवेगाव आणि पश्चिमेला लांबवर मेळघाट. सगळ्यांच्या मधोमध नागपूर. पण जंगलाची फेरी गेट उघडण्याच्या वेळेला बांधलेली असते, म्हणून अंतर किलोमीटरने मोजू नका, त्या वेळेपासून मागे मोजत या.

मे महिन्यात गेट पहाटे पाचच्या सुमारास उघडतं. कागदपत्रं तपासायला, जिप्सी (सफारीची उघडी गाडी) आणि गाईड ठरायला अर्धा-पाऊण तास आधी पोचायला हवं. ताडोबाचं कोलारा गेट नागपूरहून सुमारे ११० किमी, अडीच तास. म्हणजे रात्री पावणेदोनला निघायचं. त्या वेळी रस्त्यावर रोही आणि रानडुकरं असतात, बसलेली गुरं असतात, समोरून अपर लावलेले ट्रक येतात आणि तुमच्या ड्रायव्हरची झोप झालेली नसते. असा बेत कागदावरच खोडावा.

म्हणून तीन पट्टे धरा.

जवळचा पट्टा, साधारण दीड तासाचा: कऱ्हांडला गेट (६० किमीच्या आसपास), बोर (६५ ते ७०), पेंचचं सिल्लारी (७० ते ७५). ही तीन नागपुरात झोपून करता येतात, तीही हिवाळ्यात, जेव्हा गेट साडेसहाच्या सुमारास उघडतं.

मधला पट्टा: ताडोबा (कोलारा ११०, मोहर्ली १४०), नागझिऱ्याचं पिटेझरी (१२०), टिपेश्वर (१७०). इथे मुक्काम गेटजवळच.

लांबचा पट्टा: मेळघाट (सेमाडोह सुमारे २५०) आणि दक्षिण गडचिरोली. यांना तीन-चार दिवस वेगळे ठेवा, नाहीतर पुढच्या खेपेला करा.

नागपूर हा तळ आहे खरा, पण सामान ठेवायला, कपडे धुवायला आणि पाठ टेकायला. पहिली आणि शेवटची रात्र तिथे, आणि मधे दिशा बदलताना एक. बाकीच्या रात्री जंगलाच्या कडेला.

टेंभुर्णी

नेमकं. एकच जोडते: परतीचाही हिशेब करा. दुपारची फेरी साडेसहा-सातला संपते. तिथून नागपूरला यायला रात्रीचे दहा वाजतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला उठायचं. दोन दिवसांत माणूस असा गळतो की तिसऱ्या फेरीत जिप्सीत डुलक्या काढतो.

वैनगंगा

नावांच्या गोंधळावर कुणीतरी सविस्तर लिहायलाच हवं, कारण चुकीच्या गावात पोचलेल्या गाड्यांची कथा दरवर्षी तीच असते. मोबाईलवरच्या नकाशात नुसतं गावाचं नाव टाकू नका.

पवनी दोन आहेत. एक नागपूर-जबलपूर महामार्गावर, रामटेक तालुक्यात. सिल्लारीचा फाटा तिथून फुटतो. दुसरी भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. उमरेड-पवनी-कऱ्हांडला या नावातली पवनी ती. दोन्ही नागपूरहून दोन वेगळ्या दिशांना.

नवेगाव तर विचारूच नका. ताडोबाचं नवेगाव गेट (कोलाऱ्याच्या बाजूचं), त्याच भागातलं रामदेगी-नवेगाव बफर गेट (बफर म्हणजे मुख्य जंगलाभोवतीचा पट्टा), गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध आणि पेंच नदीवरचं नवेगाव खैरी धरण. चार जागा, तीन जिल्हे.

अडेगावही दोन: ताडोबाच्या बफरमधलं देवाडा-अडेगाव आणि बोरचं अडेगाव गेट.

आणि पेंच एकाच नावाने दोन राज्यांत आहे. तुरिया गेट मध्य प्रदेशाचं. त्याचं बुकिंग त्या राज्याच्या संकेतस्थळावर होतं. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, सुरेवानी, कोलितमारा, नागलवाडी, खुबाळा ही सगळी महाराष्ट्राची. रिसॉर्ट तुरियाला आणि परवाना सिल्लारीचा अशी जोडी घेतली की पहाटे राज्याची सीमा ओलांडून महामार्गाने उलटं यावं लागतं. महाराष्ट्राच्या गेटमध्येही फरक आहे: सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार महामार्गाच्या बाजूला आहेत, कोलितमाऱ्याला पारशिवनीवरून जातात आणि खुबाळा, नागलवाडी सावनेरच्या अंगाला. परवान्यावरचं गेटचं नाव आधी, हॉटेल नंतर. हा क्रम उलटा झाला की पैसे आणि झोप दोन्ही जातात.

मुळामुठा

पुण्याहून येतोय, फेब्रुवारीच्या अखेरीला. आम्ही चौघे आणि आईवडील, दोघेही सत्तरीच्या आत-बाहेर. रविवार ते शुक्रवार हातात आहेत. वाघ दिसावा अशी इच्छा आहेच, पण वडिलांना पक्षी आणि झाडं जास्त प्रिय. मेळघाट आणि ताडोबा दोन्ही बसवता येतील का?

कन्हान

नाही बसणार, आणि बसवूही नका. सहा दिवसांत ताडोबा आणि पेंच घ्या. तुमचे वार सोयीचे आहेत: शनिवार-रविवारच्या फेऱ्या सगळ्यात आधी भरतात, मधल्या वारांना परवाना मिळण्याची शक्यता बरी असते.

रविवार: सकाळी नागपूर. मोठ्या बॅगा हॉटेलात ठेवा (परतायची खोली तिथेच ठरवली असेल तर सामान ठेवून घेतात), दोन दिवसांचं घेऊन जेवून निघा. उमरेड-भिसी-चिमूरमार्गे कोलारा. दिवेलागणीच्या आत पोचा.

सोमवार: सकाळची फेरी कोलारा गेट, दुपारची कोलारा किंवा नवेगाव. दोन्ही एकाच बाजूला आहेत हे महत्त्वाचं. ताडोबाच्या परवान्यात सर्रास होणारी चूक म्हणजे सकाळी मोहर्ली आणि दुपारी कोलारा. कोअरमधून, म्हणजे आतल्या मुख्य जंगलातून, आरपार जाता येत नाही. बाहेरच्या रस्त्याने वळसा घालताना दीड-दोन तासांहून जास्त जातात, मग आंघोळ-जेवण राहतं आणि दुपारच्या फेरीला उशीर होतो.

मंगळवार: ताडोबाचं कोअर मंगळवारी बंद. बफरची सकाळची फेरी घ्या, अलिझंझा किंवा मदनापूर, दोन्ही कोलाऱ्याच्या बाजूला. बफरच्या गेटचे नियम स्वतंत्र असतात, तारीख टाकून पाहा. जेवून नागपूरला परत.

बुधवार: आराम. हा दिवस वडीलधाऱ्यांसाठी आहे, तो भरू नका. फार तर अजब बंगला (मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चं) किंवा अंबाझरीचा काठ. उन्हं कलायच्या आत सिल्लारीला पोचा.

गुरुवार: पेंचच्या दोन फेऱ्या. शुक्रवार: सकाळची फेरी, वाटेत रामटेक, रात्री नागपूरहून गाडी. रेल्वे रात्री आठनंतरची घ्या.

सहा जण म्हणजे एक जिप्सी भरते, गाईड आणि ड्रायव्हर वेगळे. आईवडिलांना मधल्या रांगेत बसवा. शेवटची रांग मागच्या चाकांवर येते आणि सगळ्यात जास्त आदळते. उंच बसल्यावर चांगलं दिसतं म्हणून लोक मागे बसतात आणि चार तासांनी कंबर धरून उतरतात. छोटी उशी पाठीशी, दुसरी खाली.

इराई

वरच्या बेताला ताडोबाकडून पुरवणी.

कोअर सुमारे ६२५ चौ. किमी, भोवती बफर त्याहून बराच मोठा. त्यातला ११६ चौ. किमीचा ताडोबा भाग १९५५ सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटनाचे रस्ते एवढ्या सगळ्यात नाहीत, ठरावीक भागात आहेत, आणि प्रत्येक गेटला आतली ठरावीक वाट लागू असते. म्हणून 'अमुक वाघीण तमुक पाणवठ्यावर आहे' हे ऐकून गेट निवडणार असाल तर ते पाणी त्या गेटच्या वाटेवर येतं का हे आधी विचारा.

कोअरची गेट सहा: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी. मोहर्लीला चंद्रपूर आणि भद्रावती जवळ, इरई धरणाचं पाणी शेजारी. रेल्वेने येणाऱ्यांना हीच बाजू सोयीची, कारण नागपूर-बल्लारशा मार्गावर गाड्या भरपूर आहेत. स्वतःच्या गाडीने मोहर्लीला जाणाऱ्यांनी बुटीबोरी-जाम-वरोरा-भद्रावती हा रस्ता धरावा. जामला हैदराबादचा महामार्ग सरळ हिंगणघाटकडे जातो, तिथे चंद्रपूरकडे वळायचं. सकाळच्या घाईत हे वळण हमखास चुकतं. वाटेत वरोऱ्याला आनंदवन आहे. तिथे थांबायचं तर दोन तास काढून थांबा, धावती भेट नको.

आतल्या दोन गोष्टी बहुतेक जण न बघताच पुढे जातात. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने दगडी खांब उभे आहेत, पुरुषभर उंचीचे, ठरावीक अंतरावर. गोंड राजांच्या काळातले मानले जातात. त्यांच्या माथ्यावरून दोर ओढून निरोप पोचवत, असं सांगतात. आणि तलावाकाठी तारू या देवाचं ठाणं. ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच आलं. पौषात तिथे आदिवासी दर्शनाला येतात. गाईडला आधी सांगितलं तर तो या जागी गाडी हळू करतो.

तलावात मगरी आहेत. काठावर ओंडका वाटतो तो ओंडका नसतो.

मोबाईल कोअरमध्ये नेता येत नाही. परवाना छापून ठेवा, ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याने स्वतः हजर राहावं, आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं. बुकिंगमध्ये जो क्रमांक टाकला तेच ओळखपत्र. आधार टाकून पॅनकार्ड आणलं की गेटवर वाद होतो आणि मागे जिप्सींची रांग लागते.

मुळामुठा

खूप आभार. मंगळवारचं माहीतच नव्हतं, आम्ही तोच दिवस धरला होता. गाडी पुण्याहून आणावी की नागपुरात घ्यावी?

कन्हान

आईवडिलांसह असाल तर रेल्वे किंवा विमानाने या आणि नागपुरात गाडी घ्या. स्वतःची गाडी सफारीला कामाची नाही, आत जिप्सीच लागते. ठरवताना चार गोष्टी तोंडी नको, मेसेजवर घ्या: रोजचे किमान किलोमीटर किती धरणार (बाहेरगावी बहुतेक २५० ते ३०० धरतात, गाडी गेटजवळ उभी असली तरी), ड्रायव्हरचा भत्ता आणि त्याच्या झोपण्या-जेवण्याची सोय कुणी करायची, टोल आणि पार्किंग कुणाकडे, आणि राज्य ओलांडणार असाल तर त्याचा परवाना. वादाचं मूळ बहुधा तिसऱ्या दिवशीच्या 'किमान किलोमीटर'मध्ये असतं.

एस.टी.नेही होतं. गणेशपेठच्या स्थानकावरून चंद्रपूर, चिमूर, भंडारा-साकोली, अमरावतीच्या गाड्या आहेत. अडचण शेवटच्या वीस-तीस किलोमीटरची. तालुक्याच्या गावापासून गेटपर्यंत वाहन मिळेलच असं नाही, मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून न्यायला बोलवा.

टेंभुर्णी

मुंबई-पुण्याहून गाडीने येणाऱ्यांसाठी: समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा, सलग, वळणं कमी. म्हणूनच टायर तापतात आणि डोळे जड होतात. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा, पूर्ण भारासाठी गाडीच्या दारावर लिहिलेला दाब ठेवा. कमी हवेच्या टायरची बाजू सतत दुमडत राहते, त्याने उष्णता वाढते, आणि एप्रिल-मेच्या तापलेल्या काँक्रीटवर तो फुटतो. जास्त हवा भरणंही उपाय नाही. दर दोन तासांनी थांबा. वर्ध्याजवळ उतरून सेलू-हिंगणीमार्गे बोर करता येतं, ज्यांना पहिल्याच दिवशी छोटं जंगल हवं त्यांच्यासाठी. बोरचं अभयारण्य १९७० चं, व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा २०१४ चा, क्षेत्र १३८ चौ. किमी. छोटं आहे म्हणून कमी लेखू नका.

कोळसून

वाघ 'दिसणं' हा नशिबाचा भाग मानला जातो, पण त्यात कान आणि धीर यांचा वाटा मोठा.

चितळाच्या ओरडण्यावर लगेच धावू नका. चितळ बिबट्याला ओरडतं, रानकुत्र्यांना ओरडतं, कधी नुसत्या संशयानेही. सांबराचा आवाज वेगळा, जड 'ढाँक', आणि तो ते क्वचित वाया घालवतं. सांबर एकाच जागी उभं राहून पाय आपटत पुन्हा पुन्हा ओरडत असेल, शेपटी वर असेल आणि कान एकाच दिशेला असतील, तर इंजिन बंद करायला सांगा आणि ते जिकडे बघतंय तिकडे बघा. वानराचा झाडावरून येणारा खाकरा त्याच वेळी आला तर जवळजवळ नक्की.

पगमार्कचं (पंज्याच्या ठशांचं) वाचन: मऊ धुळीवर ठसा टायरच्या रेघेच्या वर असेल तर तो गाडी गेल्यानंतरचा. रेघ ठशावरून गेली असेल तर आधीचा. कडा धारदार असतील तर ताजा. वारा लागला, की कडा ढासळून आत माती पडते. पहाटे दव पडलेल्या धुळीवर छोटे छोटे खळगे दिसतात, ठशात ते नसतील तर ठसा दवानंतरचा. पहिल्या दोन-तीन जिप्सी गेल्या की हे सगळं पुसलं जातं, म्हणून सकाळी गेटवर लवकर रांगेत असण्याचा फायदा.

उन्हाळ्यात पाणवठ्यावर निदान वीस मिनिटं बसा, बोलणं बंद. दर पाच मिनिटांनी 'चला पुढे' म्हणणाऱ्या जिप्सीला धुळीशिवाय काही मिळत नाही. वाघ पाण्यात मागच्या बाजूने बसतो, आधी शेपूट पाण्यात. हे एकदा जवळून बघितलं की माणसं फोटो काढायची विसरतात.

ड्रायव्हरला जास्त पैशांचं आमिष दाखवून रस्त्याखाली गाडी घालायला लावू नका. त्याचं आणि गाईडचं काम जातं, तुम्ही घरी गेलेले असता.

भिंगरी

कॅमेऱ्याबद्दल थोडं. ट्रायपॉड जिप्सीत निरुपयोगी. बीनबॅग (लेन्स टेकवायची पिशवी) रिकामी आणा आणि नागपुरात इतवारीत दोन किलो मूग किंवा तांदूळ घेऊन भरा. तांदूळ जास्त घट्ट बसतो, मूग जरा घरंगळतो. तोंड शिवून किंवा दोन गाठी मारून घ्या. अर्धवट बंद झिपमधून दाणे सांडले तर चितळ-वानर गाडीमागे येतात आणि ते कुणाच्याच भल्याचं नाही. परत जाताना धान्य मुक्कामावरच्या स्वयंपाकघरात द्या.

लेन्स आत बदलू नका. मार्चनंतर रस्त्यावरची लाल-पिवळी धूळ पिठासारखी असते. उशीचा जुना अभ्रा कॅमेऱ्यावर टाकून ठेवा, समोरून गाडी आली की झाकायला पिशवीच्या चेनपेक्षा पटकन होतं. १०० ते ४०० ची एक लेन्स पुरते. पहाटेच्या पहिल्या अर्ध्या तासात प्रकाश फारच कमी असतो, तेव्हा फोटोचा हट्ट सोडून डोळ्यांनी पाहा.

मुळामुठा

थंडी-ऊन दोन्हींचं सांगा. फेब्रुवारी अखेर म्हणजे नक्की काय?

टेंभुर्णी

पहाटे गार, अकराला स्वेटर नको, दुपारी टोपी हवी. थरांमध्ये कपडे घाला. उघड्या जिप्सीत वारा लागतो म्हणून कान झाकणारी टोपी आणि हातमोजे आईवडिलांना नक्की. डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्यांनी गुडघ्यावर घ्यायला शालही ठेवावी. पारा दहाच्या खाली जातो आणि चालत्या गाडीत तो आणखी बोचतो.

एप्रिल-मेमध्ये नागपूर-चंद्रपूरकडे ४५ अंशांच्या पुढे जातं. माणशी तीन ते चार लिटर पाणी दिवसाला, नुसतं पाणी नको, त्यात ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू. नुसतं पाणी पीत राहिलं आणि घामाने मीठ गेलं की पायात गोळे येतात, मळमळतं. ओला दुपट्टा डोक्याला, सुती बाह्या पूर्ण. बंद केलेल्या कारमध्ये औषधं ठेवू नका, विशेषतः इन्सुलिन. घाम थांबला आणि माणूस असंबद्ध बोलू लागला तर फेरी सोडून परत फिरा, तिथे थांबून बघणं नको.

जंगलात ठरवून दिलेल्या जागेखेरीज गाडीतून उतरता येत नाही. आदल्या रात्री सावजी रस्सा चापून पहाटेच्या फेरीला बसू नका. सावजी नागपूरच्या शेवटच्या रात्री खा.

सिपना

मेळघाट 'पुढच्या खेपेला' म्हटल्याबद्दल कन्हान यांचे आभार, कारण घाईने आलेले लोक नाराज होऊन जातात आणि दोष जंगलाला देतात.

१९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतलं हे एक. पण ताडोब्यासारखं सपाट नाही. सातपुड्याच्या धारा आणि दऱ्या, साग-बांबू, आणि सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्या. वाघ आहे, पण उताराला नजर पोचत नाही. वाघाची हमी शोधणाऱ्याने इथे येऊ नये. जंगल बघायचं असेल, रानपिंगळा बघायचा असेल, कोरकू गावं आणि नद्यांचे डोह बघायचे असतील त्याने तीन रात्री घेऊन यावं.

रानपिंगळा १८८४ नंतर नाहीसा झाला असं मानत, आणि ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, शहाद्याजवळ पुन्हा सापडला. नंतर मेळघाटातही त्याची नोंद झाली. दिवसा हालचाल करणारा घुबडाचा प्रकार आहे, विरळ सागवनात सकाळच्या उन्हात सुक्या फांदीवर बसलेला मिळतो. ठिपकेवाल्या पिंगळ्याशी गल्लत होते. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नसतात, छाती सपाट तपकिरी, पोट पांढरं. स्पीकरवर त्याचा आवाज लावून बोलावू नका. तो आपली हद्द राखायला धावून येतो आणि घरट्याच्या दिवसांत त्याची शक्ती तिथे खर्च होते.

वाट: नागपूर-अमरावती-परतवाडा, मग घाट. परतवाड्यालाच टाकी भरा, रोख पैसे घ्या, घरी 'दोन दिवस फोन लागणार नाही' सांगून ठेवा. घाटात उलटी होणाऱ्यांनी निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. सेमाडोह किंवा कोलकास मुक्काम सिपनेकाठी. चिखलदरा १,११८ मीटरवर, तिथला हंगाम पावसाळ्याचा. पण धुक्यात दहा फुटांपलीकडे दिसत नाही अशा दिवशी घाट चढू नका.

वैनगंगा

वडिलांना पक्षी आवडतात म्हणून पुढच्या वेळेसाठी नवेगावबांध लिहून ठेवा. मोठा जुना तलाव, कोहळी समाजाच्या कोलू पाटलांनी बांधलेला. बांध घातला तो डोंगरांच्या फटीत, आणि भोवतीच्या डोंगरांना सात बहिणींचे डोंगर म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत बदकं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी सूर्य पाठीशी राहील अशा काठावर बसा, समोर ठेवलात तर सगळे पक्षी काळेच दिसतील. राज्यातले सारस जवळपास सगळे गोंदियाच्या बाजूला आहेत, धानाच्या बांधीत आणि तलावांच्या कडेला. बांधावरून चालत त्यांच्या मागे जाऊ नका, रस्त्यावरूनच दुर्बिणीने.

नागझिऱ्याला साकोलीवरून पिटेझरी, किंवा चोरखमारा. गुरुवारी बंद. याच सुट्टीमुळे तुमच्या सहा दिवसांत ते नीट बसलं नसतं.

मुळामुठा

गडचिरोलीचं कुणी काही बोललं नाही.

इराई

त्याला नागपूर हा तळ नाहीच. भामरागड नागपूरहून साडेतीनशे किमीच्या घरात आहे. आलापल्ली-अहेरीला मुक्काम धरून बघायचा भाग तो. आलापल्लीचं जुनं सागवन, कमलापूरचा हत्ती कॅम्प, भामरागडला पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावतीचा संगम. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावरून जाऊन भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. निघण्याआधी स्थानिक वनकार्यालयात विचारून जा आणि अंधार पडल्यावर प्रवास टाळा.

टेंभुर्णी

मार्च-एप्रिल-मेमध्ये येणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. पहाटे जंगलाकडेच्या रस्त्यांवर माणसं दिसतील: आधी मोहफुलं वेचणारी, मग तेंदूपत्ता तोडणारी. वाकून काम करणाऱ्या माणसाची उंची आणि आकार वाघाला सावजासारखा भासतो. दरवर्षी याच दिवसांत ताडोब्याभोवतीच्या गावांत माणसांचे जीव जातात. त्यांच्या शेजारी गाडी थांबवून फोटो काढू नका, हॉर्न वाजवून घाबरवू नका. गावातून जाताना वेग तीसच्या खाली. ते तिथे पोटासाठी उतरलेले असतात, आणि ज्या वाघाला बघायला आपण पैसे मोजतो त्याच्या वाटेवर ते पायी आहेत.

मुळामुठा

हे वाचून थांबलो. लक्षात ठेवू. शेवटचं विचारतो: गुरुवारी रात्री सिल्लारीला काय करता येईल? आई म्हणते जेवून झोपायचं.

कन्हान

झोपू देऊ नका, अर्धा तास बाहेर बसवा. महाराष्ट्राच्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, कारण इथल्या गावांतला उजेड खाली वळवलेला आणि मर्यादित ठेवला जातो. पंचांगात तिथी बघा. अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवस उत्तम, पौर्णिमेला उपयोग नाही. फेब्रुवारीच्या अखेरीला जेवणं होईपर्यंत मृग नक्षत्र डोक्यावर आलेलं असतं, खाली व्याध झगमगतो. टॉर्चवर लाल जिलेटिन किंवा लाल प्लास्टिकची पिशवी बांधा आणि पंधरा-वीस मिनिटं एकदाही मोबाईल उघडू नका, नाहीतर सरावलेले डोळे परत पहिल्यापासून. आवाराच्या कुंपणाबाहेर जायचं नाही, खुर्च्या अंगणातच. चप्पल नको, बूट. आणि घालण्याआधी उलटे करून झटका. आईंना शाल द्या.

मुळामुठा

ठरलं. कोलाऱ्याच्या दोन आणि पेंचच्या तीन फेऱ्यांच्या तारखा आज बघतो, अलिझंझा की मदनापूर ते त्यानंतर.

इराई

बुकिंग झाल्यावर पहिल्या ओळीत गेटचं नाव पुन्हा वाचा. 'नवेगाव' लिहिलं असेल तर खाली 'ताडोबा-अंधारी' आहे ना ते बघा.